माजिवड्याची वीज : ठाणे-कल्याणच्या वितरण जाळ्याचा विस्तार

वाढत्या मागणीपर्यंत पुरेशी वीज योग्य दाबाने आणि परवडेल अशा खर्चात पोहोचावी, म्हणून उपकेंद्रे, वाहिन्या आणि रोहित्रे यांची आगाऊ आखणी करणे म्हणजे वीज वितरण जाळ्याच्या विस्ताराचे नियोजन. या कामात अंदाज चुकला तर दोन्हीकडून नुकसान होते. मागणी येण्याआधी फार मोठे जाळे उभारले तर भांडवल पडून राहते आणि त्याचा भार वीजदरावर येतो. उशीर झाला तर रोहित्रे जळतात, दाब घसरतो आणि नव्या जोडण्या अडतात. ठाणे शहराच्या उत्तरेचे माजिवडा आणि त्याच्या भोवतीचा ठाणे-कल्याण-डोंबिवलीचा पट्टा हे या नियोजनाचे बोलके उदाहरण आहे. गावठाण, रासायनिक कारखाने, पंचवीस-तीस मजली संकुले, मोठी रुग्णालये आणि मॉल अशा सगळ्या प्रकारच्या ग्राहकांसाठी इथे एकाच भूमीवर एकामागून एक जाळी विणली गेली. जागा आणि वाट आधी राखली तरच विजेचे जाळे वेळेवर वाढते, हे या भागाच्या शंभर वर्षांच्या इतिहासातून स्पष्ट होते.

मुंबईसाठी आलेली वीज

या परिसराच्या आसपास मोठ्या प्रमाणात वीज तयार झाली ती आधी इतरांसाठी. टाटा हायड्रोइलेक्ट्रिक कंपनीचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे आली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी कोकणाच्या बाजूला सोडून तयार होणारी ही वीज मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. वाटेवरच्या गावांना ती देण्याचे काम या योजनांच्या आखणीत नव्हते. अतिउच्चदाबाच्या वाहिनीवरून थेट घरात जोडणी देता येत नाही. त्यासाठी दाब उतरवणारे उपकेंद्र, मध्यम दाबाच्या वाहिन्या, रोहित्रे आणि लघुदाबाच्या तारा ही संपूर्ण साखळी लागते आणि ती उभारायला पैसा व परवाना दोन्ही लागतात.

दुसरी मोठी ग्राहक रेल्वे होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर १५०० व्होल्ट डीसी प्रणालीवर पहिली विजेची गाडी धावली. पुढच्या पाच वर्षांत ठाणे-कल्याणमार्गे पुणे आणि इगतपुरीपर्यंतच्या मार्गांचे विद्युतीकरण झाले. त्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीज केंद्र उभारले. डोंबिवली-कल्याणच्या लोकांना ते ‘पॉवर हाऊस’ म्हणूनच ठाऊक होते. घाटात गाड्या चढवण्यासाठी लागणारी ताकद पुरवणे हा त्याचा हेतू होता.

शहरांतला घरगुती पुरवठा खासगी परवानाधारक कंपन्यांकडे होता. १९१० च्या भारतीय वीज कायद्याने एखाद्या शहरापुरता वीज विकण्याचा परवाना कंपनीला देण्याची व्यवस्था केली होती. ठाण्यात ठाणा इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी त्या व्यवस्थेतली. अशा कंपन्यांच्या विस्ताराचे गणित सरळ होते : रस्त्यावरचे दिवे, बाजारपेठ आणि पैसे भरू शकणाऱ्या वस्त्या आधी. कायद्यानेही हेच तत्त्व धरले होते. एखाद्या रस्त्यावर वाहिनी टाकून हवी असेल तर तिथल्या अनेक मालक-भाडेकरूंना एकत्र मागणी करून ठरावीक काळ वीज घेण्याची हमी द्यावी लागे. गुंतवणूक परत मिळेल इतकी विक्री दिसल्याशिवाय खांब रोवला जात नसे. शेती आणि खाडीवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावठाणांकडून अशी हमी मिळणे अवघड होते. म्हणून शहराच्या कडेची गावे विजेच्या रांगेत मागे राहिली.

मंडळ आणि कारखाने

१९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य विद्युत मंडळांची तरतूद केली. मुंबई राज्यात असे मंडळ ६ नोव्हेंबर १९५४ रोजी स्थापन झाले आणि महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर २० जून १९६० पासून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ काम पाहू लागले. आजही ठाणे-डोंबिवलीत वीज गेली की अनेकांच्या तोंडी मंडळाचे इंग्रजी लघुरूप ‘एमएसईबी’च येते. मंडळाने नियोजनाचा पाया बदलला. एका शहराच्या नफ्यापुरता विचार न करता संपूर्ण राज्याची मागणी, निर्मिती आणि वहन यांचा एकत्र विचार सुरू झाला.

या भागाला त्याचा लाभ ताबडतोब मिळाला, कारण मागणीही त्याच सुमारास आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. त्यानंतर ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवली इथे कारखाने उभे राहिले. माजिवडा, बाळकुम, कोलशेत या खाडीकाठच्या पट्ट्यात रंग, औषधे आणि रसायने यांचे कारखाने आले. १९६२ मध्येच कोयना जलविद्युत प्रकल्पाची वीज येऊ लागली आणि २२० केव्ही वाहिन्यांनी मुंबईच्या परिसरापर्यंत पोहोचली. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज आली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने मात्र एका स्रोतावर विसंबण्याचा धोका उघड केला. कोयनेचे केंद्र बंद पडले आणि मुंबई परिसरात वीजटंचाई झाली.

कारखान्याची मागणी आखणीला सोपी असते. यंत्रांची क्षमता आधी कळते, काम पाळ्यांमध्ये चालते, भार दिवसरात्र जवळपास सारखा राहतो. अशा ग्राहकासाठी उपकेंद्रापासून स्वतंत्र वाहिनी टाकता येते आणि तिचा खर्च काही वर्षांत वसूल होतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात वितरणासाठी २२ केव्ही हा दाब रूढ झाला. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत मात्र ११ केव्ही प्रचलित आहे. या निवडीमागे भौतिकशास्त्र आहे. १० एमव्हीए भार ११ केव्हीवर नेला तर सुमारे ५२५ अँपिअर प्रवाह वाहतो. तोच भार २२ केव्हीवर सुमारे २६२ अँपिअरवर येतो. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत हानी चौथ्या हिश्शावर येते. दाट वस्तीत आणि मोठ्या भारासाठी जास्त दाब म्हणूनच किफायतशीर ठरतो. तारेची जाडी ठरवण्याचा नियम लॉर्ड केल्विन यांनी १८८१ मध्ये मांडला होता : तारेवरच्या भांडवलाचा वार्षिक खर्च आणि त्या तारेत वाया जाणाऱ्या विजेची वार्षिक किंमत जिथे सारखी होते, ती जाडी सर्वांत स्वस्त. आजही वाहिनीच्या आखणीत हाच विचार पायाभूत आहे.

वरच्या पातळीवर या पट्ट्याला अतिउच्चदाबाची केंद्रे मिळत गेली. खाडीपलीकडचे कळवा हे ४०० केव्हीचे मोठे ग्रहण केंद्र झाले आणि राज्याचे भार प्रेषण केंद्रही कळवा-ऐरोली परिसरात आले. १९९९ मध्ये चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० केव्ही डीसी प्रणालीची आणि १५०० मेगावॅट क्षमतेची वाहिनी सुरू झाली. विदर्भातल्या कोळशाची वीज तिच्यावरून ठाणे जिल्ह्यात पोहोचते. माजिवडा-कोलशेत भागातले, राज्याच्या वीज वहन कंपनीचे म्हणजे महापारेषणचे ‘कलरकेम’ उपकेंद्र एका रासायनिक कंपनीच्या नावाने ओळखले जाते. आज त्यावरून ज्यांना वीज मिळते त्यांत घरे बहुसंख्य असली, तरी हे नाव कारखान्यांच्या काळाची आठवण देते.

कारखान्यांच्या जागी संकुले

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याणची महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. पूर्व द्रुतगती महामार्ग, जुना आग्रा रस्ता आणि घोडबंदर रस्ता माजिवड्याजवळ एकत्र येतात. त्यामुळे १९९० च्या दशकानंतर घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी घरबांधणी झाली, तिचे हे प्रवेशद्वार ठरले. ठाणे शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे ८ लाख होती; २००१ मध्ये ती सुमारे १२.६ लाख आणि २०११ मध्ये १८.४ लाखांवर गेली. कल्याण-डोंबिवलीत २०११ मध्ये १२.४७ लाख लोक होते आणि त्यात २७ गावांची भर २०१५ मध्ये पडली. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनींवर संकुले आली. जिथे दहा-वीस मोठे ग्राहक होते तिथे हजारो छोटे ग्राहक झाले.

वितरण अभियंत्यासाठी हा बदल मूलभूत आहे. घरगुती भार दिवसभर सारखा नसतो; सकाळी आणि संध्याकाळनंतर तो उसळतो, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रांमुळे रात्रीही खाली येत नाही. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण भार घेत नाहीत, म्हणून मंजूर भारांची नुसती बेरीज करून चालत नाही. समजा, २०० सदनिकांचे एक संकुल आहे आणि प्रत्येकीचा मंजूर भार ५ किलोवॅट. बेरीज १००० किलोवॅट होते. एकाच वेळी त्यातला ४० टक्केच वापरला जाईल असे धरले तर प्रत्यक्ष कमाल मागणी ४०० किलोवॅट, म्हणजे ०.९ शक्तिगुणांकावर सुमारे ४४४ केव्हीए. तिथे ६३० केव्हीए क्षमतेचे एक रोहित्र पुरते आणि वाढीला जागाही राहते. हेच प्रमाण दहा वर्षांनी ६० टक्क्यांवर गेले तर मागणी ६६७ केव्हीए होते आणि तेच रोहित्र अपुरे पडते. सरासरी ७ टक्के दराने मागणी वाढली तर दहा वर्षांत ती दुप्पट होते. इमारत मात्र साठ-सत्तर वर्षे उभी राहते. म्हणून रोहित्राची खोली आजच्या भारासाठी आखणे ही नियोजनातली सर्वांत महाग चूक ठरते.

खरी अडचण जागेची आहे. उपकेंद्राला जमीन, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या वाहिन्यांना वाट आणि रोहित्राला हवा खेळती राहील अशी खोली लागते. मोठ्या भाराच्या अर्जदाराने आपल्या आवारात रोहित्रासाठी जागा भाडेपट्ट्याने द्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या वीज पुरवठा संहितेत होती. नियोजित संकुलांमध्ये ती पाळणे शक्य असते. माजिवड्याच्या जुन्या गावठाणात आणि डोंबिवलीच्या दाट आळ्यांमध्ये मात्र घरे आधी झाली. रोहित्रे रस्त्याच्या कडेला, गटारालगत किंवा दुकानांच्या रांगेत बसवावी लागली. परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारतींनी हे गणित आणखी बिघडवले, कारण आराखड्यात नसलेल्या इमारतीचा भार अभियंत्याच्या अंदाजातही नसतो.

तुटवडा, हानी आणि नवा कायदा

२००३ च्या वीज कायद्याने वितरण परवानाधारकावर कार्यक्षम, समन्वित आणि काटकसरी वितरण व्यवस्था उभारण्याचे कर्तव्य टाकले. अर्ज आल्यापासून एका महिन्यात जोडणी देणे त्याने बंधनकारक केले. वाहिनी वाढवावी लागली तर तीन महिने आणि नवे उपकेंद्र लागले तर एक वर्ष, अशा मुदती नियामक आयोगाने कृतीच्या मानकांमध्ये घातल्या. १९१० च्या काळात ग्राहकाला हमी द्यावी लागे. आता मुदत पाळण्याची जबाबदारी कंपनीवर आली. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन वितरण महावितरणकडे, वहन महापारेषणकडे आणि निर्मिती महानिर्मितीकडे गेली. ठाणे शहर भांडुप परिमंडळात आणि कल्याण-डोंबिवली कल्याण परिमंडळात आले. मुंबईच्या हद्दीतले मुलुंड आणि भांडुपही महावितरणकडेच आहेत.

नेमक्या याच वर्षांत राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता. भारनियमनासाठी वीजहानी आणि वसुलीच्या आधारे विभागांचे ‘अ’ ते ‘ग’ असे गट केले गेले. हानी कमी आणि वसुली चांगली असलेल्या गटात कमी तास वीज बंद, उलट गटात जास्त. त्यामुळे हानी मोजणे हे नियोजनाचे केंद्र बनले. प्रत्येक वाहिनीवर आणि पुढे प्रत्येक रोहित्रावर मीटर बसवल्याशिवाय वीज कुठे गळते ते कळत नाही आणि ते कळल्याशिवाय पैसा कुठे लावावा हे ठरत नाही. भिवंडीत हानी इतकी वाढली होती की २६ जानेवारी २००७ पासून तिथले वितरण टोरंट पॉवर या फ्रँचायझीकडे देण्यात आले. रोहित्रे, तारा आणि मीटर बदलून तिथली हानी खूप खाली आली. १ मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळवा भागही याच पद्धतीने दिला गेला. त्यामुळे ठाणे खाडीच्या दोन काठांवर, एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, दोन वेगळ्या संस्था वितरण पाहू लागल्या.

शहरांतली जाळी मजबूत करण्यासाठी केंद्राच्या योजनाही आल्या : २००८ पासून सुधारित गतिमान वीज विकास कार्यक्रम, २०१४ मध्ये एकात्मिक वीज विकास योजना आणि २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना. नवी उपकेंद्रे, रोहित्रांची क्षमतावाढ, उघड्या तारांऐवजी भूमिगत केबल आणि संगणकीकृत नकाशे यांवर हा पैसा खर्च झाला.

आखणीच्या पायऱ्या

आजच्या पद्धतीत विस्ताराची आखणी एका ठरलेल्या क्रमाने होते. आधी येत्या पाच ते दहा वर्षांतल्या भाराचा अंदाज घेतला जातो. त्यासाठी मागच्या वर्षांचे वाहिनीनिहाय कमाल भार, महानगरपालिकेने मंजूर केलेले बांधकाम नकाशे, प्रलंबित अर्ज आणि मेट्रो किंवा रुग्णालयासारखे मोठे प्रकल्प पाहिले जातात. हा अंदाज शहरभर सरसकट न काढता छोट्या छोट्या चौकोनांत काढावा लागतो, कारण माजिवड्यातली वाढ भरून काढायला वागळे इस्टेटमधली मोकळी क्षमता फारशी उपयोगी पडत नाही.

त्यानंतर विद्यमान जाळ्याचा अभ्यास होतो : कोणते रोहित्र किती भरले, वाहिनीच्या शेवटच्या टोकाला दाब किती उरतो. १९५६ च्या वीज नियमांनी लघुदाबासाठी ६ टक्के वर-खाली अशी मर्यादा घातली होती. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ती साधारण २१६ ते २४४ व्होल्ट येते. मग पर्याय मांडले जातात. सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे भार एका वाहिनीवरून शेजारच्या कमी भरलेल्या वाहिनीवर वळवणे. तो पुरला नाही तर रोहित्राची क्षमता वाढवणे, लांब वाहिनीचे विभाजन करणे, नवी वाहिनी टाकणे आणि शेवटी नवे उपकेंद्र उभारणे. खर्च आणि वेळ या क्रमाने वाढत जातात. भार वळवणे काही तासांत होते. उपकेंद्राला जमीन मिळवण्यापासून भार चढवण्यापर्यंत काही वर्षे लागतात. म्हणून सर्वांत उशिरा लागणाऱ्या गोष्टीचा, म्हणजे उपकेंद्राच्या जागेचा, निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो.

भूमिगत केबलच्या बाबतीत आणखी एक घटक येतो : रस्ता. खोदाईसाठी महानगरपालिकेची परवानगी, रस्तादुरुस्तीचे शुल्क आणि पावसाळ्यातली खोदाईबंदी यांमुळे कामाचे महिने मोजकेच उरतात. माजिवडा आणि कापूरबावडीच्या चौकांत उड्डाणपूल, जलवाहिन्या, मलनिःसारण आणि मेट्रोच्या मार्गिकांचे खांब एकाच भूमीवर आले. ज्या रस्त्याच्या बांधकामातच केबलसाठी स्वतंत्र वाहिनीमार्ग ठेवला जातो, तिथे पुढची पन्नास वर्षे रस्ता फोडावा लागत नाही.

विश्वासार्हतेची कसोटी

पुरेशी क्षमता म्हणजे विश्वासार्ह पुरवठा नव्हे. एक घटक बंद पडला तरी उरलेल्या घटकांवर पूर्ण भार चालला पाहिजे, हा नियोजनाचा पुढचा निकष. त्यासाठी उपकेंद्रात दोन रोहित्रे ठेवून प्रत्येकावर मर्यादित भार दिला जातो आणि २२ केव्ही वाहिन्या वर्तुळाकार जोडून मध्ये रिंग मेन युनिट बसवली जातात. केबलमध्ये बिघाड झाला तर दोषी तुकडा वेगळा काढून दुसऱ्या बाजूने वीज देता येते. एकाच दिशेने गेलेल्या वाहिनीत मात्र दुरुस्ती होईपर्यंत सगळे अंधारात राहतात.

या निकषाची कसोटी दोनदा मोठ्या प्रमाणात लागली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उल्हास आणि वालधुनी नद्यांचे पाणी कल्याण परिसरात शिरले आणि पुराच्या भागांत वीज बंद ठेवावी लागली. खाडी आणि नदीच्या पट्ट्यात उपकेंद्राचे जोते, रोहित्राचा चौथरा आणि मीटरची पेटी किती उंच असावी, हा प्रश्न त्यामुळे थेट जीविताच्या सुरक्षेशी जोडला गेला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल चालू असताना दुसऱ्यात बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा मोठा भाग काही तास विजेविना राहिला. लोकल गाड्या थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांवर यावे लागले. वितरणाचे जाळे कितीही दाट असले तरी वरून येणारी वाट अरुंद असेल तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

पुढील विस्तार

येत्या काळात या जाळ्यावर तीन नवे भार आणि एक नवा स्रोत येत आहे. विजेवर चालणारी वाहने रात्री संकुलाच्या वाहनतळात एकाच वेळी जोडली जातात, त्यामुळे पूर्वीचे ४० टक्क्यांसारखे गृहीतक टिकत नाही. मेट्रोच्या मार्गिका मोठा आणि अखंड भार आणतात. पुनर्विकासात चार मजल्यांच्या जागी वीस मजले उभे राहतात आणि उद्वाहन, पाण्याचे पंप, अग्निशमन व्यवस्था यांचा भार सदनिकांच्या भारात मिळतो. दुसऱ्या बाजूला छतावरचे सौर पॅनेल दुपारी वीज उलट्या दिशेने पाठवतात; एका दिशेच्या प्रवाहासाठी आखलेल्या संरक्षण यंत्रणेत त्यासाठी बदल करावे लागतात.

संस्थात्मक प्रश्नही खुला आहे. २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने ठाणे, मुलुंड, भांडुप आणि नवी मुंबईसाठी समांतर वितरण परवान्याचा अर्ज केला आणि त्याविरोधात राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी संप केला. स्पर्धेचे फायदे-तोटे काहीही असोत, नियोजनाच्या दृष्टीने मूळ मुद्दा हा की एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांच्या केबल टाकल्या तर खर्च दुहेरी होतो आणि त्याचा बोजा शेवटी ग्राहकांवर येतो. जाळे एकच असावे आणि त्यावर विक्रेते अनेक असावेत, की जाळीही अनेक असावीत, याचा निर्णय खोदाईच्या आधी व्हायला हवा.

माजिवड्याच्या अनुभवातून नियोजनाचा क्रम निश्चित होतो. नगररचनेच्या आराखड्यात उपकेंद्राची जमीन, रस्त्याच्या छेदात केबलची वाट आणि इमारतीच्या नकाशात रोहित्राची खोली या तीन गोष्टी बांधकामाच्या परवानगीसोबतच ठरल्या पाहिजेत. त्या ठरल्या की भाराचा अंदाज थोडा चुकला तरी क्षमता वाढवून सावरता येतो. जागाच राहिली नाही तर अचूक अंदाजही उपयोगाला येत नाही. म्हणून महावितरण, महापारेषण आणि महानगरपालिका यांनी एकाच नकाशावर काम करणे ही या पट्ट्याच्या पुढच्या विस्ताराची पहिली अट आहे.